रेंज असूनही न जुळणारी जोडणी

सातपुड्याच्या रांगा आणि नर्मदा-तापीची खोरी यांच्यामध्ये पसरलेला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या सहा तालुक्यांपैकी अक्राणी, म्हणजेच लोकांच्या बोलण्यातले धडगाव, आणि अक्कलकुवा हे दोन तालुके मुख्यतः डोंगराळ असून तेथील वस्ती एकाच गावठाणात न राहता पाड्यापाड्यांत विखुरलेली आहे. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की धडगावहून तळोद्याकडे येणारी वाट अडते, आणि अशा वेळी दूरच्या तज्ज्ञ डॉक्टरशी, प्रशिक्षकाशी किंवा अधिकाऱ्याशी पडद्यावर समोरासमोर बोलता येणे किती मोलाचे आहे, हे या भागातील लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. आरोग्य उपकेंद्रातून मोठ्या केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणारी ‘ई-संजीवनी’ ही केंद्र सरकारची सेवा मोहालीच्या सी-डॅक संस्थेने विकसित केली. ती नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, एप्रिल २०२० मध्ये घरबसल्या रुग्णांसाठीही खुली झाली, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावरून देशभरात १० कोटींहून अधिक सल्ले दिले गेले. यावरून दूरसंवाद आता आरोग्यव्यवस्थेचा नित्याचा भाग झाला आहे, हे दिसते.

असा संवाद जुळला नाही की नंदुरबारमध्ये त्याचे एकच कारण सांगितले जाते : रेंज नाही. पुष्कळदा ते खरेही असते, कारण सातपुड्याच्या अनेक दऱ्यांमध्ये मोबाइलचा संकेत पोहोचतच नाही, आणि निवडणुकीच्या काळात ‘संपर्कक्षेत्राबाहेरची’ मतदान केंद्रे म्हणून या गावांची वेगळी यादी करून बिनतारी संचांची सोय करावी लागते. तथापि तालुक्याच्या ठिकाणी, कार्यालयात, रुग्णालयात किंवा वसतिगृहात संकेत उत्तम असतो, इतर संकेतस्थळे क्षणात उघडतात, समोरच्याची घंटाही वाजते, आणि तरी त्याचा चेहरा दिसत नाही व आवाज ऐकू येत नाही, हा प्रकार वेगळ्या जातीचा आहे. त्याचे कारण मनोऱ्यात नसून दोन संगणकांच्या मध्ये उभ्या असलेल्या संरक्षक भिंतींत असते. पहिल्या दोषावर उपाय करण्यास वर्षे आणि कोट्यवधी रुपये लागतात. दुसरा दोष नेमका ओळखला गेला, तर तो बहुधा एका दिवसात दूर होऊ शकतो. म्हणूनच या दोहोंतला फरक सामान्य वापरकर्त्यालाही समजणे आवश्यक आहे.

ब्राउझरमधला थेट संवाद

ब्राउझर म्हणजे संकेतस्थळे उघडण्याचे क्रोम, फायरफॉक्स, सफारी यांसारखे साधन. फार वर्षे त्याचे काम सर्व्हरकडून, म्हणजे माहिती साठवून ती मागेल त्याला देणाऱ्या दूरच्या संगणकाकडून, पाने मागवून दाखवणे एवढेच होते, आणि आवाज वा चित्र पाठवायचे तर वेगळी आज्ञावली बसवावी लागे. मे २०११ मध्ये गूगलने ‘वेबआरटीसी’ हे तंत्र सर्वांसाठी खुले केले, फेब्रुवारी २०१३ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोन भिन्न ब्राउझरांमध्ये थेट दृश्यसंवाद करून दाखवण्यात आला, आणि २६ जानेवारी २०२१ रोजी ‘डब्ल्यूथ्रीसी’ या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने त्याला अधिकृत मानकाचा दर्जा दिला. या तंत्राचे वैशिष्ट्य असे की, दोन व्यक्ती बोलत असताना त्यांचा आवाज आणि चित्र शक्य असेल तेथे मध्यस्थ सर्व्हरला वळसा घालून एका ब्राउझरकडून थेट दुसऱ्याकडे जातात. त्यामुळे विलंब कमी होतो आणि सेवा चालवणाऱ्याचा खर्चही वाचतो.

मात्र या संवादात दोन स्वतंत्र प्रवाह असतात, आणि बहुतेक गोंधळ ते वेगळे न ओळखल्यामुळे होतो. पहिला प्रवाह निरोपांचा असून ‘अमुक व्यक्ती बोलू इच्छिते, तिला या या पद्धतीने आवाज पाठवता येईल’ अशी माहिती तो नेहमीच्या संकेतस्थळाच्या मार्गाने, म्हणजे सर्व्हरमार्फत, पोहोचवतो. दुसरा प्रवाह प्रत्यक्ष आवाजाचा व चित्राचा असून तो वेगळ्या वाटेने जातो. घंटा वाजते ती पहिल्या प्रवाहामुळे, चेहरा दिसतो तो दुसऱ्यामुळे. त्यामुळे घंटा वाजूनही पडदा काळाच राहिला, तर पहिला मार्ग मोकळा असून दुसरा कोठेतरी अडला आहे, एवढे अनुमान कोणतेही यंत्र न उघडता काढता येते.

पत्ता बदलणारा मधला टप्पा

दुसरा प्रवाह अडण्याचे मूळ इंटरनेटवरील पत्त्यांच्या टंचाईत आहे. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता नावाचा क्रमांक लागतो, आणि ‘आयपीव्ही४’ या जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटीच पत्ते असू शकतात. पत्ते सांभाळणाऱ्या जागतिक संस्थेकडचे त्यांचे शेवटचे साठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले, परंतु टंचाईची चाहूल त्याआधीच लागली होती. मे १९९४ मध्ये मांडली गेलेली ‘नॅट’, म्हणजे पत्ता-रूपांतर, ही युक्ती त्यातूनच सर्वत्र रुजली. तिच्यात कार्यालयातील सर्व संगणकांना १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होणारे खासगी पत्ते दिले जातात, आणि बाहेर जाताना त्या सर्वांसाठी राउटरचा एकच सार्वजनिक पत्ता वापरला जातो.

तहसील कचेरीतील जावक नोंदवहीवरून हे समजून घेता येईल : कोणत्या टेबलावरून कोणाला पत्र गेले याची नोंद जावक कारकून ठेवतो, त्याचे उत्तर आले की नोंद पाहून ते योग्य टेबलावर पोहोचवतो, आणि ज्याची नोंदच नाही असे पत्र आले तर ते कोणाला द्यावे हे त्याला ठरवता येत नाही. राउटरही आतून बाहेर गेलेल्या प्रत्येक पॅकेटची, म्हणजे माहितीच्या लहान तुकड्याची, नोंद ठेवतो, उत्तर आत सोडतो आणि अनोळखी पॅकेट टाकून देतो. संकेतस्थळ पाहताना सुरुवात नेहमी आतूनच होत असल्याने अडचण येत नाही. परंतु नंदुरबारचा संगणक आणि नाशिकचा संगणक हे दोन्ही अशा राउटरांमागे असतील, तर पहिले पॅकेट कोणीही पाठवले तरी दुसऱ्याच्या बाजूला ते अनोळखीच ठरते.

मोबाइलच्या जाळ्यात ही गुंतागुंत आणखी वाढते, कारण तेथे कंपनी स्वतःच हजारो ग्राहकांमागे थोडेच सार्वजनिक पत्ते वापरते. या मोठ्या प्रमाणावरील पत्ता-रूपांतरासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होणाऱ्या पत्त्यांचा वेगळा गट राखून ठेवण्यात आला. घरातील राउटर आणि त्यापलीकडे कंपनीचा राउटर अशा दोन पायऱ्या झाल्या की, ग्राहकाने आपल्या राउटरमध्ये कितीही बदल केले तरी वरच्या पायरीवर त्याचा काही अधिकार चालत नाही. ‘आयपीव्ही६’ या नव्या पद्धतीत पत्ते अफाट असल्याने रूपांतराची गरज उरत नाही, आणि भारतातील मोबाइल जाळ्यांनी ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारलीही आहे. परंतु दुसऱ्या टोकाच्या कार्यालयाकडे केवळ जुनीच पद्धत असेल, तर या सुधारणेचा थेट जोडणीला लाभ मिळत नाही.

फायरवॉल काय अडवते

फायरवॉल ही पत्ता-रूपांतराहून वेगळी गोष्ट आहे. कोणते पॅकेट जाऊ द्यायचे आणि कोणते रोखायचे हे जाणीवपूर्वक आखलेल्या नियमांनी ठरवणारी ती व्यवस्था असून, बँका, सरकारी कार्यालये, महाविद्यालये आणि रुग्णालये यांना तिची खरी गरज असते. तिचे नियम प्रामुख्याने पोर्ट आणि वाहतुकीची पद्धत यांवर आधारलेले असतात. पोर्ट म्हणजे एकाच यंत्रातील वेगवेगळ्या सेवांना दिलेला क्रमांक. सुरक्षित संकेतस्थळांसाठी तो ४४३ असतो. वाहतुकीच्या मुख्य पद्धती दोन : ‘टीसीपी’ हरवलेले पॅकेट पुन्हा मागवते आणि ते येईपर्यंत पुढचे रोखून धरते, तर ‘यूडीपी’ हरवलेल्याची वाट न पाहता पुढे जाते. बोलण्यात एखादे अक्षर गळले तरी चालते पण विलंब चालत नाही, म्हणून आवाजासाठी यूडीपी पसंत केली जाते. अनेक कार्यालयांतील फायरवॉल मात्र केवळ संकेतस्थळांपुरती टीसीपी मोकळी ठेवून यूडीपी पूर्णपणे बंद करते, आणि त्यामुळे घंटा वाजवणारा निरोप पोहोचतो, पण आवाज भिंतीशीच थांबतो.

भिंतीतून वाट शोधण्याची रीत

वेबआरटीसीने या अडचणीवर तीन टप्प्यांचा उपाय योजला आहे. ‘स्टन’ नावाचा सर्व्हर ब्राउझरला त्याचा बाहेरून दिसणारा पत्ता आणि पोर्ट सांगतो. दोन्ही बाजूंनी हे पत्ते निरोपांच्या प्रवाहातून एकमेकांना कळवले आणि साधारण एकाच वेळी पॅकेटे पाठवायला सुरुवात केली, तर दोन्ही राउटरांत बाहेर गेल्याची नोंद होते आणि समोरून आलेले पॅकेट उत्तर समजून आत सोडले जाते. मात्र काही राउटर प्रत्येक वेगळ्या ठिकाणासाठी वेगळे पोर्ट वापरतात. अशा सममित पत्ता-रूपांतरात स्टनने सांगितलेले पोर्ट केवळ स्टनपुरतेच खरे असते, आणि दोन्ही बाजूंना असे राउटर असले तर थेट वाट बहुतेक जुळत नाही. तेथे ‘टर्न’ सर्व्हर लागतो, जो सार्वजनिक पत्त्यावर बसून एकाचे पॅकेट घेऊन दुसऱ्याला देतो. या सर्व शक्यता गोळा करून, जोड्या लावून, क्रमाने तपासून चालणारी वाट निवडणाऱ्या कार्यपद्धतीला ‘आइस’ म्हणतात, आणि तिचे सध्याचे मानक २०१८ मधील आहे.

टर्न सर्व्हरमार्फत संवाद गेला म्हणजे तो तिसऱ्याच्या कानी पडतो, अशी शंका रुग्णाची माहिती हाताळणाऱ्यांना येणे स्वाभाविक आहे. वेबआरटीसीमध्ये आवाज आणि चित्र सांकेतिक रूपात पाठवणे बंधनकारक असून त्याच्या किल्ल्या दोन टोकांच्या ब्राउझरांमध्येच ठरतात. मधला टर्न सर्व्हर पॅकेटे पुढे ढकलतो, पण ती उलगडू शकत नाही. अनेक जणांच्या बैठकीत सर्वांचे प्रवाह एकत्र घेऊन वाटणारा सर्व्हर मात्र निराळा असतो, आणि तेथे विश्वास त्या सेवेवर ठेवावा लागतो.

दोष ओळखण्याचा क्रम

दोष शोधताना सर्वांत जवळच्या शक्यतेपासून सुरुवात करणे हिताचे असते. स्वतःचेच चित्र पडद्यावर दिसत नसेल, तर फायरवॉलचा विचार करण्याचे कारण नाही. कॅमेऱ्याची परवानगी नाकारली गेली असेल, दुसरी आज्ञावली कॅमेरा वापरत असेल, किंवा पान असुरक्षित पत्त्यावरून उघडले असेल, कारण ब्राउझर सुरक्षित पानांनाच कॅमेरा व ध्वनिग्राहक देतात. जुन्या संगणकाचे घड्याळ मागे पडले असले तरी सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरून सारेच अडते. स्वतःचे चित्र दिसते पण घंटाच जात नाही, तर निरोपांचा प्रवाह अडला आहे. घंटा जाते, उत्तर मिळते, ‘जोडत आहे’ असे काही वेळ दिसून शेवटी प्रयत्न फसतो, तर दोष वाटेचा आहे. जोडणी होते पण चित्र तुकड्यातुकड्यांत येते आणि आवाज तुटतो, तर तेथे मात्र रेंज किंवा अपुरी क्षमता हेच कारण मानावे आणि चित्र बंद करून केवळ आवाजावर बोलावे, कारण वेबआरटीसीमधील ‘ओपस’ ही ध्वनिपद्धती सेकंदाला काही मोजक्या किलोबिटांतही स्पष्ट बोलणे पोहोचवते.

संवाद चांगला चालता चालता अचानक थांबला, तर पत्ता बदलल्याची शक्यता तपासावी. समोरचे टोक अजून ऐकत आहे की नाही याची ब्राउझर सतत खात्री करत असतो आणि सुमारे ३० सेकंद प्रतिसाद न मिळाल्यास पाठवणे थांबवतो. फोन वायफायवरून मोबाइल जाळ्यावर गेला की पत्ता बदलतो. गुजरात आणि मध्य प्रदेश यांना लागून असलेल्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जेथे नवापूरच्या रेल्वे स्थानकातूनच दोन राज्यांची सीमा जाते, फोन शेजारच्या राज्याच्या मनोऱ्याला जोडला जाणेही नित्याचे आहे, आणि अशा बदलात नवे सत्र सुरू झाले तर जुनी वाट निरुपयोगी होते. चांगली सेवा अशा वेळी वाटांचा शोध नव्याने सुरू करते. जी तसे करत नाही, तिच्यात दोष वापरकर्त्याचा नसून आज्ञावलीचा असतो.

वाटेचा दोष कोणत्या बाजूला आहे हे ठरवण्याची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे तोच संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून पाहणे. हॉटस्पॉटवर संवाद जुळला आणि कार्यालयाच्या जाळ्यावर जुळला नाही, तर कार्यालयाची फायरवॉल कारणीभूत आहे. कार्यालयात जुळतो आणि हॉटस्पॉटवर फसतो, तर मोबाइल कंपनीच्या पत्ता-रूपांतरापलीकडे पोहोचवणारा टर्न सर्व्हर उपलब्ध नसावा. दोन्हीकडे फसला, तर सेवा चालवणाऱ्याकडे किंवा समोरच्या टोकाकडे पाहावे लागते.

यापुढची तपासणी तंत्रज्ञाने करायची असते, आणि तिच्यासाठी क्रोममध्ये ‘वेबआरटीसी-इंटर्नल्स’ व फायरफॉक्समध्ये ‘अबाउट-वेबआरटीसी’ ही अंतर्गत पाने मुळातच असतात. त्यांवर गोळा झालेल्या वाटांची यादी दिसते : ‘होस्ट’ म्हणजे यंत्राचा स्वतःचा पत्ता, जो गोपनीयतेसाठी अनेकदा झाकलेला असतो, ‘सर्व्हर-रिफ्लेक्सिव्ह’ म्हणजे स्टनने सांगितलेला बाहेरचा पत्ता, आणि ‘रिले’ म्हणजे टर्नवरचा पत्ता. दुसरा प्रकार यादीत नसेल तर स्टनपर्यंत यूडीपी पोहोचत नाही असा संशय घ्यावा. तिसरा नसेल तर सेवेने टर्न ठेवलेला नाही, त्याचा तात्पुरता परवलीचा शब्द कालबाह्य झाला आहे, किंवा त्याचे पोर्ट बंद आहे. तिन्ही असूनही जोडणी फसली, तर समोरच्या टोकाची यादी मागवून दोन्ही शेजारी ठेवून पाहावी, कारण वाट दोन्ही बाजूंनी मोकळी असल्याखेरीज ती वाट होत नाही.

काय मागावे आणि कोणाकडे

फायरवॉल सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाकडे ‘सगळी पोर्टे उघडा’ अशी मागणी केली, तर त्याने ती नाकारणे योग्यच आहे. प्रत्यक्षात लागणारा बदल फार मर्यादित असतो. आतून बाहेर, ठरावीक स्टन व टर्न सर्व्हरांच्या पत्त्यांकडे, ३४७८ या पोर्टवर यूडीपी जाऊ द्यावी एवढाच नियम बहुतेक वेळा पुरतो. बाहेरून आत येणारे एकही पोर्ट उघडावे लागत नाही. टर्न सर्व्हर स्वतःच्या बाजूला ४९१५२ ते ६५५३५ या पट्ट्यातील पोर्टे वापरतो, हे वाचून पुष्कळ जण कार्यालयाच्या फायरवॉलमध्येही तो सारा पट्टा उघडतात, पण दोन्ही टोके टर्नमार्फत बोलत असली तर त्याची गरज नसते. यूडीपी कोणत्याही परिस्थितीत देता येत नसेल, तर सेवा चालवणाऱ्याने ४४३ पोर्टवर सांकेतिक टीसीपीने चालणारा टर्न ठेवावा, म्हणजे तो प्रवाह नेहमीच्या सुरक्षित संकेतस्थळासारखाच बाहेर जातो. थोडा विलंब वाढतो, पण संवाद होतो. सांकेतिक प्रवाह उघडून तपासणारी फायरवॉल असेल, तर त्या सर्व्हरला तिच्यातून सूट द्यावी लागते.

टर्न सर्व्हरला प्रत्येक संवादाचा संपूर्ण भार वाहावा लागत असल्याने त्याचा खर्च येतो, आणि म्हणून काही सेवा तो ठेवतच नाहीत. मुंबई-पुण्याच्या उत्तम जाळ्यांवर चाचणी घेताना ही उणीव लक्षात येत नाही. ती जाणवते ती एका बाजूला मोबाइल हॉटस्पॉट आणि दुसऱ्या बाजूला सरकारी फायरवॉल असलेल्या धडगाव, मोलगी किंवा तळोद्यासारख्या ठिकाणी. सार्वजनिक सेवा उभारताना टर्न ही ऐच्छिक भर न मानता मूलभूत अट मानली पाहिजे, आणि हा सर्व्हर देशातच, शक्य तितका जवळ असला पाहिजे, कारण तो परदेशात असेल तर शहाद्याहून नंदुरबारला जाणारा आवाजही समुद्रापार जाऊन परत येतो. जेथे उपग्रहाचाच आधार आहे तेथे ही काळजी अधिक घ्यावी लागते, कारण सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहामार्फत प्रश्न जाऊन उत्तर येण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ आधीच खर्च झालेला असतो.

संकेताचा प्रश्न लहान नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २७ जुलै २०२२ रोजी देशातील २४,६८० संपर्कहीन गावांत ४जी सेवा पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, यावरून त्याचा आवाका कळतो, आणि सातपुड्यातील पाड्यांना त्या मनोऱ्यांची प्रतीक्षा असणे न्याय्य आहे. परंतु मनोरा आल्यानंतरही फायरवॉलचा नियम आणि टर्नची उणीव तशीच राहिली, तर लोकांना पुन्हा काळाच पडदा दिसेल आणि पुन्हा रेंजलाच दोष दिला जाईल. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक शहादा तालुक्यातील टेंभली येथे दिला गेला, तेव्हापासून या जिल्ह्यातील नागरिकाचे शासनाशी असलेले व्यवहार उत्तरोत्तर संगणकावर आले आहेत. त्या व्यवहारांची वाट मोकळी ठेवणे हे आता शासनाच्या आणि सेवा चालवणाऱ्यांच्या कर्तव्यात मोडते. त्यासाठी तक्रारीचे स्वरूपही बदलले पाहिजे. ‘नेट चालत नाही’ एवढेच न लिहिता दिनांक व वेळ, कोणते जाळे, ब्राउझर कोणता, घंटा गेली की नाही, हॉटस्पॉटवर काय झाले आणि अंतर्गत पानावरील यादीत कोणत्या वाटा दिसल्या, या सहा बाबी नोंदवलेली तक्रार तंत्रज्ञाला थेट दोषापर्यंत नेते, आणि ती टाळणे कोणत्याही कार्यालयाला सोपे जात नाही. आरोग्य उपकेंद्रे, आश्रमशाळा आणि ग्रामपंचायती यांतील कर्मचाऱ्यांना एवढी नोंद करण्याचे प्रशिक्षण देण्यास कोणत्याही नव्या निधीची वाट पाहावी लागत नाही.